कोबुर्ग नगराचे मानचिन्ह व ध्वज

कोबुर्ग नगराचे मानचिन्ह व ध्वज : जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या उत्तर भागात, इट्स नदीच्या काठी वसलेल्या कोबुर्ग (लोकसंख्या सु. ४१,०००) ह्या नगराची अधिकृत प्रतीके. सोनेरी ढालीवर एका कृष्णवर्णी पुरुषाचे पार्श्वदर्शी मस्तक आणि त्याच्या कानात सोन्याचे कर्णभूषण, एवढाच ह्या मानचिन्हाचा ऐवज आहे. हे मस्तक नगराचा संरक्षक संत सेंट मॉरिस (जर्मन रूप मोरिट्स) ह्याचे होय. ध्वजाचे काळा व पिवळा हे रंग ढालीवरूनच घेतलेले आहेत. रचनेच्या दृष्टीने हे चिन्ह अगदी साधे असले, तरी त्याचा इतिहास साधा नाही. १९३४ मध्ये नाझी राजवटीत ते काढून टाकण्यात आले. १९४५ मध्ये त्याची पुन्हा स्थापना झाली आणि २०२० मध्ये ते वर्णद्वेषी असल्याचा आक्षेप घेऊन ते बदलण्याची मागणी पुढे आली. एका राजवटीला जे चित्र कृष्णवर्णीयांचा अवास्तव गौरव वाटले, तेच चित्र पुढील काळातील काही लोकांना त्यांची अवहेलना वाटावी, ह्याचा उलगडा होण्यासाठी मुळात नगराला चिन्ह का लागते, हे मस्तक कोणाचे आणि ते ढालीवर कसे आले, ह्या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

मानचिन्हाला जर्मन भाषेत ‘व्हापन’ म्हणतात. शस्त्र ह्या अर्थाचा ‘व्हाफं’ हा शब्द आणि हा शब्द मूळचे एकच. बाराव्या शतकात यूरोपातील सरदार अंगभर चिलखत व तोंड झाकणारे शिरस्त्राण घालू लागले, तेव्हा आपला कोण व परका कोण हे ओळखण्यासाठी ढालीवर ठळक रंगांत आकृती काढण्याची पद्धत पडली व ती पुढे कुलपरंपरेने चालू लागली. नगरांची चिन्हे मात्र रणांगणातून आलेली नाहीत. ती आली मुद्रेतून. राजाकडून किंवा प्रदेशाच्या स्वामीकडून एखाद्या वस्तीला आठवडेबाजार भरविण्याचा, वजनमापे ठरविण्याचा आणि स्वतःचा कारभार पाहण्याचा अधिकार मिळाला, की तेथील पंचमंडळाला करारमदार करावे लागत. त्या दस्तऐवजांवर मेणाची मुद्रा उमटविल्याशिवाय त्यांना बळ येत नसे. म्हणून प्रत्येक स्वायत्त नगराला आणि कित्येक बाजारगावांनाही स्वतःची मुद्रा असे. बव्हेरियात ‘मार्क्ट’ म्हणजे बाजारगाव हा खेडे व नगर ह्यांच्या मधला दर्जा आजही नावापुरता टिकून असून असा दर्जा असलेली साडेतीनशेहून अधिक गावे त्या राज्यात आहेत. मुद्रेसाठी चित्र निवडताना बहुधा तीन मार्ग अनुसरले जात. एक, तटबंदी, वेस, बुरूज ह्यांचे चित्र. हँबर्गच्या चिन्हातील किल्ला हे त्याचे उदाहरण. दुसरा मार्ग नावावरून चित्र काढण्याचा. म्यूनिक ह्या नावाचा संबंध मठवासी साधूंशी असल्याने त्या नगराच्या ढालीवर साधू आला आणि बर्लिनच्या ढालीवर अस्वल आले, तेही नावाच्या उच्चारातील साम्यामुळे असे मानले जाते. तिसरा मार्ग संरक्षक संताचा. ब्रेमेनच्या चिन्हातील किल्ली सेंट पीटरच्या हातातील आहे. कोबुर्गचे चिन्ह ह्या तिसऱ्या वर्गात मोडते.

मुद्रेवरील आकृती ढालीवर आली, तेव्हा तिला रंग मिळाले आणि रंगांबरोबर नियमही आले. मानचिन्हविद्येत सोने व रुपे ह्या दोन ‘धातू’ मानतात आणि तांबडा, निळा, काळा, हिरवा व जांभळा हे ‘रंग’ मानतात. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवावयाचा नाही, हा ह्या विद्येचा मूळ नियम. त्यामागे गूढ असे काही नाही. दुरून पाहणाऱ्याला आकृती स्पष्ट दिसावी, एवढाच हेतू. सोन्यावर काळे ही जोडी ह्या कसोटीला पुरेपूर उतरते. कोबुर्गच्या चिन्हाची सोनेरी भूमी संताच्या तेजाची निदर्शक आहे किंवा काळा रंग शोकाचा आहे, अशी स्पष्टीकरणे लोकप्रिय पुस्तिकांतून आढळतात. पण रंगांना असे ठरावीक अर्थ जोडण्याची प्रथा उत्तरकालीन लेखकांची असून, जुन्या चिन्हांच्या बाबतीत तिच्यावर विसंबणे युक्त नाही. मस्तक काळे म्हणून भूमी धातूची हवी, हे कारण पुरेसे आहे. एकरंगी छपाईत रंग दाखविण्यासाठी सतराव्या शतकापासून रेषांची एक संकेतपद्धती रूढ आहे. सिल्व्हेस्टर पेट्रा सांक्टा ह्या जेझुइट लेखकाच्या नावाने ती ओळखली जाते. तीनुसार सोने ठिपक्यांनी व काळा रंग आडव्याउभ्या रेषांच्या जाळीने दाखवितात. जुन्या ग्रंथांतून कोबुर्गची ढाल ठिपक्यांनी भरलेली दिसते ती ह्यामुळे. आणखी एक नियम पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मानचिन्हात शब्दांनी केलेले वर्णन बंधनकारक असते, एखादे विशिष्ट रेखाटन नव्हे. ‘सोनेरी भूमीवर कृष्णवर्णी मस्तक’ एवढे पाळले, की नाक, ओठ, केस, मुद्रा कशी काढावयाची हे चित्रकाराच्या हाती राहते.

सेंट मॉरिस ह्याची कथा पाचव्या शतकाच्या मध्यास लीआँचा बिशप यूकीरिअस ह्याने लिहून ठेवली. तीनुसार रोमन सैन्यात ईजिप्तमधील थीब्झ भागातून भरती केलेली, सर्वस्वी ख्रिस्ती सैनिकांची एक पलटण होती व तिचा प्रमुख मॉरिस हा होता. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट मॅक्सिमिअन ह्याने ह्या पलटणीला आल्प्स पर्वतातील अगाउनम येथे ख्रिस्ती धर्मीयांच्या छळात भाग घेण्याची आज्ञा केली. सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवून नकार दिला. तेव्हा दर दहा जणांतून एकाचा वध करण्याची शिक्षा एकदा, नंतर पुन्हा एकदा देण्यात आली आणि तरीही कोणी नमेना म्हणून अखेर सारी पलटण कापून काढण्यात आली. यूकीरिअसने ह्या सैनिकांची संख्या ६,६०० अशी दिली आहे. एवढा मोठा संहार खरोखरच घडला असावा, असे आधुनिक इतिहासकारांपैकी फार थोड्यांना वाटते. परंतु अगाउनम येथे, म्हणजे स्वित्झर्लंडमधील आजच्या सँ-मोरीस येथे, बर्गंडीचा राजा सिगिझमंड ह्याने ५१५ मध्ये मठ स्थापन केला आणि तेथून ह्या संताची उपासना आल्प्सच्या दोन्ही बाजूंस पसरली. २२ सप्टेंबर हा त्याचा स्मृतिदिन होय. मॉरिशस हे बेट ह्या संताच्या नावाने ओळखले जात असल्याची समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. डचांनी ते नाव ऑरेंजचा राजपुत्र मॉरिस ह्याच्यावरून दिले. राजपुत्राचे नाव मात्र संतावरून आलेले.

यूकीरिअसच्या कथेत संताच्या वर्णाचा उल्लेख नाही आणि पुढील सुमारे आठ शतके चित्रकार व शिल्पकार त्याला गौरवर्णी रोमन योद्ध्याच्या रूपातच दाखवीत आले. त्याला कृष्णवर्ण लाभला तो जर्मनीत. सम्राट पहिला ऑटो ह्याने ९३७ मध्ये माग्देबुर्ग येथे सेंट मॉरिसच्या नावाने मठ स्थापिला व पुढे त्याचे अवशेषही तेथे आणविले. तेव्हापासून हा संत साम्राज्याच्या पूर्व सीमेचा आणि पुढे साम्राज्याचाच रक्षक मानला जाऊ लागला. सम्राटांच्या राजचिन्हांतील, सध्या व्हिएन्ना येथे असलेला पवित्र भाला त्याचाच म्हणून पूजिला जाई. माग्देबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये सु. १२४०–५० च्या दरम्यान घडविलेली त्याची वालुकाश्माची मूर्ती आहे. कड्यांचे चिलखत व त्यावर चामडी अंगरखा घातलेला हा योद्धा निःसंशय आफ्रिकी चेहऱ्याचा आहे. यूरोपीय कलेत कृष्णवर्णी आफ्रिकी मनुष्याचे एवढे वास्तव व एवढे आदरपूर्ण चित्रण त्यापूर्वी आढळत नाही. हा बदल का झाला असावा, ह्याविषयी मतभेद आहेत. ‘मॉरिशियस’ हे नाव ‘मॉरस’ म्हणजे वायव्य आफ्रिकेतील मूर ह्या शब्दावरून आलेले असल्याने नावावरूनच वर्ण सुचला असावा, हे एक मत. सम्राट दुसरा फ्रेड्रिक ह्याच्या काळात साम्राज्य जगातील सर्व वंशांना कवेत घेणारे आहे, अशी जी कल्पना दरबारी वर्तुळांत होती तिचे हे शिल्परूप असावे, हे दुसरे. दोन्ही कारणे परस्परांना छेद देणारी नाहीत. कसेही असले, तरी माग्देबुर्गपासून सॅक्सनी, थुरिंजिया व फ्रँकोनिया ह्या प्रदेशांत कृष्णवर्णी मॉरिसची परंपरा रुजली. माटिआस ग्र्यूनेव्हाल्टने सु. १५२० च्या सुमारास काढलेल्या व आता म्यूनिक येथे असलेल्या चित्रात सेंट इरॅस्मसशी बोलत असलेला, झगझगीत चिलखतातील मॉरिस हे तिचे परमोच्च उदाहरण म्हणता येईल.

कोबुर्गचा पहिला लेखी उल्लेख १०५६ मधील आहे. सम्राट बव्हेरियाचा लूटव्हिख ह्याने १३३१ मध्ये त्याला नगराचे हक्क दिले आणि १३५३ मध्ये ते हेनेबेर्ख सरदारांकडून विवाहसंबंधाने वेटीन घराण्याकडे, म्हणजे माग्देबुर्गच्या दक्षिणेस सत्ता गाजविणाऱ्या मायसेनच्या अधिपतींकडे गेले. नगरातील मुख्य चर्च सेंट मोरिट्स ह्याचे असून त्याचे कमीजास्त उंचीचे दोन मनोरे बाजारचौकापासून जवळच आहेत. मध्ययुगाच्या अखेरीपासून संताचे मस्तक नगराची खूण म्हणून वापरात आल्याचे दिसते. संपूर्ण मूर्तीऐवजी मस्तक घेणे हा मानचिन्हविद्येतील नेहमीचा संक्षेप. लहान मुद्रेत किंवा नाण्यावर चिलखत, भाला, ध्वज आणि प्रभावलय ह्यांसह उभा योद्धा कोरणे अवघड. मस्तक मात्र अंगठ्याएवढ्या जागेतही ओळखू येते. परंतु ह्या संक्षेपात संताला संत म्हणून ओळखण्याची सारी साधने गळून पडली. प्रभावलय गेले, चिलखत गेले, भाला गेला. उरला तो केवळ वर्ण.

ह्यानंतर धर्मसुधारणेचा काळ आला. कोबुर्ग ल्यूथरपंथी झाले. खुद्द मार्टिन ल्यूथर १५३० मध्ये आउग्सबुर्ग येथील धर्मपरिषद चालू असता सुमारे सहा महिने येथील डोंगरी किल्ल्यात राहिला व त्याने सेंट मोरिट्सच्या चर्चमध्ये प्रवचनेही केली. संतांची उपासना नव्या पंथाने त्याज्य ठरविली. ढालीवरील संत मात्र जागच्या जागी राहिला. त्याच्याकडे आता कोणी मध्यस्थी मागत नव्हते. तो नगराची खूण म्हणून उरला होता. लोकांच्या बोलण्यात त्याचे नावही बदलले. ‘मोरिट्स’ च्या जागी ‘मोर’, म्हणजे मूर, हे नाव रूढ झाले आणि ‘कोबुर्गचा मूर’ ही संज्ञा आजतागायत चालू आहे. कानातील कर्णभूषणही ह्याच स्थित्यंतराची साक्ष देते. माग्देबुर्गच्या मूर्तीत किंवा इतर सैनिकी वेषातील मॉरिसमध्ये ते महत्त्वाचे लक्षण नाही. दूरदेशीच्या ‘मूर’ माणसाचे जे ठरावीक चित्र पुढील शतकांतील यूरोपीय कलेत, सजावटीत आणि दुकानांच्या पाट्यांवर रूढ झाले, त्यात मात्र कर्णभूषण, जाड तांबडे ओठ आणि कुरळे केस हमखास असत. त्या ठरावीक चित्राची छाया संताच्या मस्तकावर पडली, असे म्हणावयास हरकत नाही. ढालीवरची आकृती तीच राहून तिच्यातील व्यक्ती बदलत गेली, ती अशी.

ढालीवर कृष्णवर्णी मस्तक असणारे कोबुर्ग हे एकच स्थळ नव्हे. तथापि सर्व मस्तके एकाच व्यक्तीची नसल्यामुळे येथे बराच घोटाळा होतो. बव्हेरियाच्या दक्षिण भागातील फ्राइझिंगच्या बिशपांच्या चिन्हात सु. १३०० पासून मुकुटधारी कृष्णवर्णी मस्तक आढळते. त्याचा उगम निश्चित सांगता येत नाही; सेंट मॉरिसशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा नाही. बिशपांच्या सत्तेखालील आल्प्सच्या पायथ्याच्या प्रदेशात हे मस्तक स्थानिक चिन्हांत उतरले. मिटेनव्हाल्ट ह्या बाजारगावाच्या चिन्हात ते आढळते. १८०३ च्या सुमारास बिशपांची राजकीय सत्ता संपुष्टात आली, तरी गावांच्या ढालींवर ती सत्ता शिल्लक राहिली. म्यूनिक व फ्राइझिंगचा आर्चबिशप राहिलेले योझेफ राट्सिंगर हे २००५ मध्ये सोळावे बेनेडिक्ट ह्या नावाने पोप झाले, तेव्हा त्यांनी हे मस्तक आपल्या मानचिन्हात ठेवले. सार्डिनिया व कॉर्सिका ह्या बेटांच्या चिन्हांतील मस्तकांवर पट्टी बांधलेली असते व त्यांची परंपरा आरागॉनच्या राजसत्तेशी निगडित आहे. थोडक्यात, मुकुट असल्यास फ्राइझिंग, पट्टी असल्यास भूमध्य समुद्रातील बेटे आणि डोक्यावर काही नसून कानात भूषण असल्यास कोबुर्ग, अशी ढोबळ ओळख सांगता येते.

ध्वज : जर्मन नगरांचे ध्वज बहुधा स्वतंत्रपणे कल्पिलेले नसतात, ते मानचिन्हातून निघतात. ढालीवरील आकृतीचा रंग प्रथम आणि भूमीचा रंग त्यानंतर, ह्या क्रमाने पट्टे योजावयाचे, ही सर्वसाधारण रीत. तीनुसार कोबुर्गचा ध्वज काळा-पिवळा होतो. कापडावर सोन्याच्या जागी पिवळा व रुप्याच्या जागी पांढरा रंग घेतात. अनेक नगरांत पट्ट्यांवर ढालही ठेवतात. जर्मनीत नगरध्वज बव्हंशी आडव्या काठीला लटकविलेल्या उंच व अरुंद पताकेच्या स्वरूपात दिसतात. बाजारचौकातील अरुंद दर्शनी भागांना ते अधिक शोभतात व वारा नसतानाही रंग दिसतात. काळा-पिवळा ही जोडी म्यूनिकच्या ध्वजातही आहे. पण तेथे ती साधूच्या काळ्या-सोनेरी वस्त्राशी जोडली जाते. केवळ रंगांवरून नगर ओळखू पाहणारा म्हणूनच फसण्याचा संभव असतो. कोबुर्गपुरते बोलावयाचे, तर येथे राज्य करणाऱ्या सॅक्सन ड्यूकांच्या ढालीवरही काळे व सोनेरी पट्टे होते (त्यांवर हिरवी तिरकी पट्टी असे). त्यामुळे नगराचे रंग व राज्यकर्त्यांचे रंग सोयीस्करपणे जुळून आले. ह्याच ड्यूक घराण्यातील आल्बर्ट ह्याचा जन्म १८१९ मध्ये कोबुर्गजवळील रोझेनाउ येथे झाला आणि १८४० मध्ये त्याचा इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीशी विवाह झाला. बाजारचौकात त्याचा पुतळा असून तो १८६५ मध्ये राणीच्या उपस्थितीत उभारण्यात आला. मुंबईच्या भायखळा भागातील, आता डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव असलेल्या वस्तुसंग्रहालयाच्या जुन्या नावात व्हिक्टोरियाबरोबर ज्याचे नाव होते, तो हाच आल्बर्ट.

पहिल्या महायुद्धानंतर १९१८ मध्ये ड्यूकची सत्ता संपली. ३० नोव्हेंबर १९१९ रोजी घेतलेल्या सार्वमतात कोबुर्गच्या लोकांनी थुरिंजियात सामील होण्याचे नाकारले आणि १ जुलै १९२० पासून हा प्रदेश बव्हेरियाचा भाग बनला. त्यानंतरच्या दोन दशकांत नगराचे नाव एका दुर्दैवी कारणाने जर्मनीभर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये हिटलर सुमारे ६५० अनुयायांसह आगगाडीने येथे आला आणि रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या. नाझी पक्ष पुढे ह्या घटनेला आपल्या इतिहासातील पराक्रम मानू लागला. तिच्या दहाव्या वर्षी, १९३२ मध्ये, तलवार व स्वस्तिक असलेले एक खास सन्मानपदक पक्षाने काढले. १९२९ च्या निवडणुकीत नगरपरिषदेत त्या पक्षाला २५ पैकी १३ जागा मिळाल्या. जर्मनीतील एखाद्या नगरात त्याला निर्विवाद बहुमत मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. जानेवारी १९३१ मध्ये, म्हणजे हिटलर चॅन्सेलर होण्याच्या दोन वर्षे आधी, नगरभवनावर पक्षाचा ध्वज चढला.

अशा नगराच्या ढालीवर आफ्रिकी मनुष्याचे मस्तक असणे नव्या सत्ताधाऱ्यांना खपण्यासारखे नव्हते. वंशशुद्धीच्या त्यांच्या सिद्धांतानुसार कृष्णवर्णी मनुष्य हा जर्मन नगराचा रक्षक, किंबहुना त्याची खूणदेखील, असू शकत नव्हता. १९३४ मध्ये मस्तक काढून त्याच्या जागी उभी तलवार आणि तिच्या मुठीच्या टोकाशी स्वस्तिक, असे नवे चिन्ह घेण्यात आले. (भारतीय परंपरेतील मंगलचिन्हाशी ह्या आकृतीचे साम्य असले, तरी जर्मन भाषेत तिला आकड्यांचा क्रूस अशा अर्थाचे नाव आहे व तिचा तेथील अर्थ सर्वस्वी वेगळा आहे.) ह्या बदलातील एक विसंगती उल्लेखनीय आहे. नव्या राजवटीला जुन्या साम्राज्याच्या राजचिन्हांचा मोठा अभिमान होता. १९३८ मध्ये ती व्हिएन्नाहून न्यूरेंबर्गला आणविण्यात आली. त्यांत सेंट मॉरिसच्या नावाने ओळखली जाणारी तलवार व त्याच्याच नावाने पूजिलेला भालाही होता. शस्त्रे हवी होती. ज्याची म्हणून ती मानली जात, तो मनुष्य मात्र नको होता. दुसरीही एक गोष्ट ह्या प्रसंगातून कळते. संताची सर्व लक्षणे गळून केवळ मस्तक उरल्यामुळे त्याच्यावर वंशवादी नजरेने हल्ला करणे सोपे झाले. प्रभावलय असलेल्या, चिलखतधारी संताला काढून टाकणे निदान थोडे अधिक अडचणीचे ठरले असते.

१९४५ मध्ये राजवट कोसळली व त्याच वर्षी जुने चिन्ह परत आले. ज्यांनी हे पाहिले, त्या पिढीच्या दृष्टीने मस्तकाचे पुनरागमन हे त्या राजवटीच्या अंताचेच एक चिन्ह होते. कोबुर्गमधील पुष्कळ लोकांचा त्याच्याविषयीचा जिव्हाळा ह्या आठवणीवर आधारलेला आहे. बव्हेरियाच्या सध्याच्या स्थानिक शासन कायद्याप्रमाणे नगरे व गावे आपली ऐतिहासिक चिन्हे व ध्वज वापरू शकतात. नवे चिन्ह घेताना किंवा जुने बदलताना राज्याच्या अभिलेखागार-संचालनालयाचा सल्ला घेणे त्यांच्यावर बंधनकारक असते. ज्या गावाला स्वतःचे चिन्ह नाही, त्याच्या शासकीय शिक्क्यात राज्याचे लघुचिन्ह येते. इतरांना नगराचे चिन्ह वापरावयाचे असल्यास नगराची परवानगी लागते. मानचिन्ह ही शोभेची वस्तू नसून कारभाराचे साधन आहे, हा मध्ययुगीन मुद्रेचा वारसा ह्या तरतुदींत दिसतो.

अमेरिकेत मे २०२० मध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णीयाचा मृत्यू झाल्यानंतर वर्णद्वेषाविरुद्ध जी चळवळ उसळली, तिचे पडसाद यूरोपातही उमटले. त्या वर्षी कोबुर्गचे चिन्ह बदलावे, अशा मागणीचे निवेदन प्रसृत झाले व ते राखावे म्हणून प्रतिनिवेदनही निघाले. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की जाड ओठ व कर्णभूषण असलेले हे मस्तक वसाहतकाळातील विटंबनाचित्रांच्या जातीचे आहे आणि ‘मोर’ हा शब्द आजच्या जर्मन भाषेत कृष्णवर्णीयांना अपमानास्पद वाटतो. समर्थकांचे उत्तर असे, की हे चित्र गुलामाचे वा परकीयाचे नसून पूज्य संताचे आहे. ते वर्णद्वेष्ट्यांनीच एकदा पुसले होते आणि ते पुन्हा पुसणे म्हणजे नकळत त्यांचीच री ओढणे होय. नगराने चिन्ह कायम ठेवले. दोन्ही बाजू बोलत होत्या त्या एकाच ढालीविषयी, पण तिच्या दोन निरनिराळ्या अंगांविषयी. समर्थकांचा युक्तिवाद उगमाचा होता व त्या बाबतीत तो भक्कम आहे. आक्षेप रेखाटनाविषयी व शब्दाविषयी होता. उगम थोर असला, म्हणून त्यावर पुढे चढलेली ठरावीक चित्राची पुटे थोर ठरत नाहीत. मानचिन्हाच्या नियमांप्रमाणे रेखाटन बदलण्यास चिन्ह बदलावे लागत नाही. माग्देबुर्गच्या मूर्तीचा चेहरा समोर ठेवून नवे मस्तक काढले, तरी ते कोबुर्गचेच चिन्ह राहील.

नगरात हिंडणाऱ्याला हे मस्तक ठिकठिकाणी भेटते. भुयारी गटारांच्या लोखंडी झाकणांवरही ते आहे. मस्तकाच्या पलीकडचा, संपूर्ण संत पाहावयाचा असल्यास बाजारचौकात नगरभवनाकडे मान वर करून पाहावे लागते. छपराजवळच्या कठड्यावर चिलखतधारी सेंट मॉरिसची मूर्ती उभी आहे व तिच्या हातात सेनापतीचा दंड आहे. कोबुर्गचा भाजलेला सॉसेज प्रसिद्ध असून तो चौकातील गाड्यांवर चीडच्या शंकूंच्या विस्तवावर भाजून विकतात. त्याची लांबी किती असावी हे संताच्या हातातील दंडावरून ठरते, अशी येथे समजूत असून ते माप ३१ सेंमी. सांगितले जाते. ह्यामुळे स्थानिक बोलीत त्या मूर्तीचे नाव ‘सॉसेजवाला बुवा’ अशा अर्थाचे पडले आहे.